सहा म्हणजे काहीच नाही

माझा जन्म गोडदेवचा. आता गोडदेव म्हटलं की बिल्डिंगी आणि रिक्षांची रांग एवढंच डोळ्यांपुढे येतं, पण मी सांगतेय ते घर भातशेताच्या कडेला होतं आणि शेत संपलं की पलीकडे मिठागरं. आमचं स्वतःचं मिठागर नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्यातले पुष्कळ जण आता आमची मिठागरं होती असं सांगतात. आमचं भाताचं शेत होतं आणि एका मिठागरात आज्याचा हिस्सा होता, चौथा, आणि त्या चौथ्या हिश्श्यासाठी घरातली सगळी माणसं खाऱ्या पाण्यात उभी असायची. माझं वय चोपन्न. जे मी मोजलंय तेच सांगेन, जिथे अंदाज असेल तिथे अंदाज म्हणून सांगेन, मग तुम्ही लिहा.

तर खारं पाणी. खाऱ्या पाण्यात पाय राहिले की बोटांच्या मधे चिखल्या होतात, टाचा फुटतात, एखादा फोड आला की तो मिटत नाही, त्यात पू होतो. आणि त्याच्यावर माझ्या आयचा पाला. आई नाही म्हणत आम्ही, आय म्हणतो. आयला तो पाला तिच्या सासूनं दिला, सासूला तिच्या सासूनं. सकाळी न्याहारीनंतर आय ओट्यावर बसायची, लोक पाय पुढे करायचे, आय लोकांकडे पाठ करून एका वेगळ्या दगडावर पाला वाटायची, तीन प्रकारची पानं असायची त्यात, आणि फडक्यात बांधून द्यायची. तीन दिवस सोडायचं नाही. बदल्यात काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. आणि पाल्याचं नाव कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की पाल्यातला गुण जातो. सांगायचं ते फक्त सुनेला. पोरीला नाही, पोर दुसऱ्या घरी जाते.

मला लहानपणापासून मोजायची खोड. सातवीत असताना मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या, एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत किती जण पाल्याला आले. एकेचाळीस. बरं झालं म्हणून आमच्या देवापुढे फोडायला नारळ घेऊन परत आले ते बावीस. मी आयला विचारलं, बाकीच्या एकोणीस जणांचं काय झालं. आय म्हणाली, बरी झाली अस्तील, बरं झालेलं मानूस कशाला येतंय. मी म्हटलं, आणि मेली असली तर? आयनं लाटणं फेकून मारलं. लागलं नाही, पण माझा प्रश्न काही मिटला नाही, तो अजून तसाच आहे, आणि सगळी गोष्ट त्या एकोणीस जणांचीच आहे असं मला कधी कधी वाटतं.

लग्न होऊन मी पेणकरपाड्यात आले. आमचे हे हाटकेशला एका युनिटमध्ये कामाला होते, ते युनिट बंद पडलं तेव्हा मी नोकरी धरली, कॉलेजच्या लॅबमध्ये, मायक्रोबायोलॉजीच्या. लॅब अटेंडंट. त्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली. काम काय, तर काचेचं सामान धुवायचं, मोठ्या कुकरमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचं, आणि जंतूंसाठी खाऊ शिजवायचा. खरंच खाऊच असतो तो, खरवसासारखा थिजतो, बशीत ओतायचा. त्यावर जंतू पसरायचे, ते मॅडम आणि मुलं पसरतात, मी नाही. मग त्या थिजलेल्या खाऊत गोल भोकं पाडायची, त्यांना विहिरी म्हणतात, आणि विहिरीत औषध घालायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं. औषधानं जंतू रोखले तर विहिरीच्या भोवती स्वच्छ गोल पडतो, आणि तो पट्टीनं मोजायचा. आता हे नीट ऐका, कारण इथेच लोक चुकतात. विहीरच सहा मिलिमीटर रुंद असते. गोल मोजताना विहिरीसकट मोजतात. म्हणजे सहा आलं तर काहीच झालं नाही. सहा म्हणजे काहीच नाही. मला हे पहिल्या वर्षी समजायला तीन महिने लागले, आमच्या ह्यांना अजून समजलेलं नाही.

गेल्या वर्षी तरन्नुम म्हणून एमएस्सीची मुलगी होती, मीरा रोडचीच. तिचा प्रोजेक्ट होता औषधी झाडांच्या पानांत जंतूंना रोखणारं काय काय असतं त्याचा. पाच पानं होती तिची, तुळस, कडुलिंब, अडुळसा, पेरू आणि निर्गुंडी. पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, स्पिरिट उडवून टाकायचं, उरतो तो हिरवा काळा चिकटा. मी मॅडमना विचारलं, पानात हे कशाला असतं हो, आपल्यासाठी थोडंच असेल? मॅडम म्हणाल्या, झाडाला पळता येत नाही ना, कीड आली, बुरशी आली तर ते जागच्या जागी कडू, तुरट, उग्र असं काहीतरी तयार करतं, ते पानात साठतं, कुणात टॅनिन, कुणात तेलं, आणखी पुष्कळ, आणि त्यातल्या काहींनी जंतूही अडतात. मला ते फार पटलं. पळता येत नाही म्हणून कडू होतं. अशी माणसं मी पाहिलीत.

तेव्हाच आयच्या पायाला झालं. आय अठ्ठ्याहत्तर वर्षांची, साखर आहे, म्हणजे मधुमेह. उजव्या पायाच्या करंगळीखाली जखम. तिनं आपला पाला बांधला. माझा भाऊ तिच्याजवळ असतो, जुन्या घराच्या जागी बिल्डिंग झाली त्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले. भावाने हात जोडले, चल डॉक्टरकडे. आय म्हणाली, सगल्या गावाचे पाय मी बरे केले, आता माझा पाय घेऊन डॉक्टरच्या दारात बसू? लोक काय बोलतील, म्हातारीचा पाला खोटा व्हता. दुखतंय का विचारलं तर म्हणे दुखत न्हाय, म्हणजे बरं व्हतंय. आता साखरेच्या पायाला दुखत नाही, बधिर होतो तो, हे मला लॅबमधल्यांकडून माहीत होतं. मी दर रविवारी जाऊन जखम मोजू लागले. लॅबची पट्टी नाही हं, लॅबची वस्तू मी घरी नेत नाही, घरची प्लॅस्टिकची. पहिल्या रविवारी नऊ मिलिमीटर. दुसऱ्या रविवारी बारा. मी म्हटलं, आय, वाढतेय. ती म्हणाली, तुझी पट्टी वाढतंय.

मग मी तिला बशीचं सांगितलं. जंतू पसरतात, विहीर पाडतात, गोल पडतो. आय लक्ष देऊन ऐकत होती, मला आश्चर्य वाटलं. म्हणाली, म्हंजे तुझी थाली बोलतंय कं, पाला खरा का खोटा? मी म्हटलं, बोलते. ती म्हणाली, मग इचार तिला. खोटा बोलली तर मी येतंय डॉक्टरकं. खरा बोलली तर तू पुन्यांदा पट्टी आनायची न्हाय. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला.

आता मला पाला माहीत होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. आयनं कधी सांगितला नाही, पण चाळीस वर्षं वास येतोय ना. निर्गुंडी. आय निगडी म्हणते. वाटताना सगळं घर त्या वासानं भरायचं. आणि निर्गुंडी तर तरन्नुमच्या पाचांत होतीच. तरी मी ती घेतली नाही, बाजारातली असेल म्हणून, आयच्या दगडाजवळ पडलेला पाला उचलला, त्यातली निर्गुंडी वेगळी काढली आणि तरन्नुमला दिली. मौसी, घर का माल है? असं म्हणाली ती. मी म्हटलं, हो, माँ का.

बशा उघडल्या त्या दिवशी मी स्वतः मोजलं. पू करणारे जंतू होते बशीत, कॉलेजनं ठेवलेले. नुसत्या स्पिरिटची विहीर, सहा. अँटिबायोटिकची, पंचवीस. आयच्या निर्गुंडीची, तेरा, तेरा, चौदा. तीन बशा. तरन्नुम टाळ्या पिटत म्हणाली, मौसी, आपकी माँ तो साइंटिस्ट निकली! आणि मी पट्टी पुन्हा लावून बघितली. काय सांगू तुम्हाला, माणसाला आपल्या आईचं खरं ठरलं म्हणून आनंद व्हायला हवा, आणि मी तिथे उभी राहून म्हणतेय, सहा का नाही आलं. आयचा पाला खरा ठरला, म्हणजे आय डॉक्टरकडे जाणार नाही. मॅडम म्हणाल्या, अहो, बशीत तेरा आलं म्हणजे पायात काम होईल असं नसतं, पायाला रक्त लागतं, साखर ताब्यात लागते, जखम साफ व्हायला लागते. मला ते कळत होतं. पण पैजेत ते नव्हतं.

खोटं सांगावं असं मनात आलं. सहा आलं म्हणून सांगायचं, आयला काय कळणार. पण सव्वीस वर्षांत मी एकही आकडा बदलून लिहिलेला नाही, आणि डोक्यावरचा हात आठवत होता. आकडा कळल्यावरही दोन दिवस मी गोडदेवला गेलेच नाही. ते दोन दिवस माझ्या हिशेबात आहेत, पुढे सांगते.

रविवारी गेले, जखम पंधरा, आणि आयला खरं ते सांगितलं. म्हटलं, तेरा आलं आय, जिंकलीस तू, निगडी खरी आहे. आय हसायला लागली, इतकी हसली की खोकला आला, स्मिता, म्हणजे भावाची बायको, पाणी घेऊन धावली. आय म्हणाली, अगो येडे, ती निगडी! ती वासाला घालतंय मी! आनि दुसरं पान रंगाला! खरा पाला तिसराच हाय. निगडीचा वास आला का मानूस निगडीच घिवून जातं, खऱ्याचा मागमूस लागत न्हाय. तुझ्या आजीनं शिकवलंन.

मी म्हटलं, आय, मला पण फसवलंस? चाळीस वर्षं? ती म्हणाली, तुला कोनी फसवलंन, गावाला फसवलंन, तू गावात आलीस.

मला ते लागलं. अजूनही लागतं. पण त्याहून मोठा गोंधळ असा की नुसत्या वासाला घातलेल्या पानाला तेरा आले. म्हणजे चाळीस वर्षं लोक बरे झाले असतील तर ते खऱ्या पाल्यानं की वासाच्या? मी आयला हे विचारलं तर ती म्हणाली, तुझी थाली चुकली. मी म्हटलं, मग खरा पाला दे, पैज अजून सुटलेली नाही. आयनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. तो रविवार गेला, पुढचा रविवार गेला. जखम अठरा, कडा काळपट.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी भावाचा फोन, आय बोलावतेय. गेले. आयनं स्मिताला समोर बसवलं आणि शेवटचं विचारलं, सूनबाय, तुझा हक्क हाय, घितेस कं? स्मिता चांगली मुलगी आहे, स्पष्ट बोलते. म्हणाली, नको हो आई, माझ्या हातून कोणाचं बरं-वाईट झालं तर? मला झेपणार नाही. आय म्हणाली, बरा. मग मला म्हणाली, रिक्षा बोलाव.

आयला चालवत नव्हतं. रिक्षानं आम्ही जुन्या बांधाच्या जागेवर गेलो, आता तिथे एका सोसायटीची भिंत आणि गटार आहे. रिक्षावाला विचारतोय, अम्मा को किधर उतारूँ, इधर तो कचरा है. आय त्याला म्हणाली, तू मुंडी उधर कर. तो बिचारा उगाच समोरच्या मीटरकडे बघत बसला. आणि आयनं बोटानं दाखवलं आणि माझ्या कानात नाव सांगितलं.

मी ते तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. एवढंच सांगते की ते रोप मी हजार वेळा पाहिलेलं होतं, तुम्हीही पाहिलंय, साफसफाईवाले दरवर्षी उपटून टाकतात आणि ते दरवर्षी येतं. वास नाही, फूल म्हणावं असं नाही. माझी अपेक्षा काय होती कुणास ठाऊक, पण मला रडू आलं, एवढ्याशा पानासाठी तीन बायकांनी जन्मभर तोंड मिटून ठेवलं म्हणून.

मॅडमनी आधीच सांगितलं, ज्या झाडाचं नाव लिहायचं नाही ते प्रोजेक्टमध्ये जाणार नाही. पण तुमच्या समाधानासाठी करा. सगळं वाळवायला वेळ नव्हता, ताज्या पानांचाच तरन्नुमनं शुक्रवारी स्पिरिटमध्ये अर्क काढला आणि वेगळा नुसता रसही काढला, आय तर रसच लावते म्हणून. वहीत नाव लिहिलं, नमुना क. शनिवारी दुपारी बशा जंतू वाढवायच्या गरम कपाटात गेल्या. रविवारी मॅडम मुद्दाम कॉलेजला येऊन कुलूप उघडून बसल्या, त्यांचे उपकार आहेत.

स्पिरिटचा अर्क, सहा, सहा, सहा. रस, सहा, सहा, सहा. अँटिबायोटिक पंचवीस, म्हणजे बशी बरोबर होती. मी तीनदा मोजलं. विहिरीच्या काठापर्यंत जंतू उगवलेले, पोटभर जेवून बसल्यासारखे. मला जे हवं होतं तेच आलं. मी मॅडमना म्हटलं, म्हणजे आयचा पाला खोटा? मॅडम म्हणाल्या, असं म्हणू नका, आपल्याला इतकंच म्हणता येतं की या अर्कानं, या जंतूवर, एवढ्या प्रमाणात, गोल पडला नाही. कदाचित पानातलं ते या खाऊत पसरत नसेल. कदाचित पान जंतू मारत नसेल, सूज कमी करत असेल. कदाचित काहीच करत नसेल. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तीन कदाचित सांगितलेत. त्या म्हणाल्या, आणखीही आहेत.

तिथून थेट गोडदेव. आय खाटेवर, पाय उशीवर. मी म्हटलं, आय, सहा आलं. तिला सहाचं माहीत होतं, मी समजावलेलं होतं, आमच्या ह्यांच्यापेक्षा लवकर समजलं होतं तिला. ती म्हणाली, बरोबर हाय. मी म्हटलं, काय बरोबर? ती म्हणाली, मी तुला सांगितलंन ना नाव. सांगितलंन का गुन जातो. तुझी थाली खरा बोलली.

म्हणजे बघा, निर्गुंडीला तेरा आले तेव्हा थाली चुकली, खऱ्या पाल्याला सहा आले तर थाली खरी, आणि दोन्ही वेळा पाला खराच. मी म्हटलं, आय, असं कसं, मग हे तपासायचं तरी कसं कोणी? नाव सांगितल्याशिवाय तपासता येत नाही आणि सांगितलं की तपासायला काही उरत नाही! आय म्हणाली, ते तू बघ, शिकलेली तू. आणि म्हणाली, आता माझ्या हातात काय न्हाय. पेटीतला हिरवा लुगडा काढ. डॉक्टरकं चांगल्या कपड्यात जावा.

भावानं पेटी उघडली, मी रिक्षा बोलावली.

डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. जखम त्या दिवशी एकवीस होती, आतून हाडापर्यंत गेलेली. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्याच आठवड्यात आणली असती तर? ते म्हणाले, बोट बहुतेक वाचलं असतं. बहुतेक. ते दोन दिवस जे मी तेराचा आकडा घेऊन घरी बसले, आणि नंतरचे जे रविवार मी आयशी घासाघीस करण्यात घालवले, ते मी मोजलेत, आणि ते कुठे मांडायचे मला समजत नाही. तिला उचलून न्यायला हवं होतं की काय? पण आयला कोणी उचलून कधी कुठे नेलेलं नाही. इन्सुलिन, गोळ्या, ड्रेसिंग. अकरा आठवड्यांनी जखम भरली.

आता तुम्ही मला विचाराल, तुमचा विश्वास कशावर. मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं आयचं म्हणणं खुळेपणा. कधी वाटतं तिला सगळं कळत होतं, डॉक्टरकडे जायचं होतं तिला, पण पाल्याला हरवून नाही जायचं, म्हणून तिनं नाव सांगून तो स्वतःच्या हातानं मोकळा केला. मी एकदा तसं विचारलं. म्हणाली, तू मोज.

आणि गंमत अशी की पाला माझ्याकडे आला हे कुणी तरी पसरवलं, बहुतेक त्या रिक्षावाल्यानं. महिन्यात दोन-तीन जण तरी पेणकरपाड्याला माझ्या दारात पाय घेऊन येतात, मराठी, गुजराती, यूपीवाले, सगळे. मी बसवते, उकळून गार केलेल्या पाण्यानं पाय धुवायला लावते, साखर तपासली का विचारते, आणि दवाखान्यात पाठवते. कोणी म्हणतात, दीदी, पत्ता तो दो. मी म्हणते, पत्ता खतम हो गया. त्यांची नावं मी वहीत लिहिते आणि पंधरा दिवसांनी फोन करते, काय झालं म्हणून. सतरा झालेत. सतराच्या सतरा जणांचं मला माहीत आहे, एकही हरवलेला नाही. त्या एकोणीस जणांचं मात्र आता कधीच कळणार नाही.

ते रोप मी खिडकीच्या ग्रिलमध्ये डब्यात लावलंय. शेजारीण विचारते, काय हो हे, मी म्हणते, असंच, शोभेचं. शोभा काही नाही त्याला. लावते कोणाला नाही, फेकवतही नाही, रोज पाणी घालते. का, ते विचारू नका.

रविवारी आयकडे जाते. पट्टी नेते, आयच मागते. जखमेच्या जागी नुसता वण आहे, मोजायला काही नाही, तरी ती पाय पुढे करते आणि विचारते, किती गो? मी म्हणते, सहा, आय. बरा, म्हणते ती, आणि पाय आत घेते. देव तिला आहे तसं ठेवो. आणि तुम्हीही रोज रात्री झोपताना पाय बघत जा, बोटांच्या मधेसुद्धा, नीट उजेडात. तेवढं मी खात्रीनं सांगू शकते.